अज्जांच्या ताटात

माझी लेक आता दोन मुलांची आई आहे आणि पुढ्यात येईल ते निमूट खाते. तिच्या मुलांनी ताटात भाजी टाकली की ती त्यांना सुनावते, "आम्ही लहानपणी असले नखरे केले नाहीत हं!" हे वाक्य सुरू झालं की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात निघून जाते. नातवंडांसमोर त्यांच्या आईची अब्रू काढायची नाही, एवढं पथ्य मी पाळते. पण हिच्याइतकं जेवणाला छळणारं मूल मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते कुठेतरी सांगून टाकायला हवं.

साठ सालच्या आगेमागे आम्ही बंगळूरला होतो. यांना सरकारी कारखान्यात नोकरी होती आणि राहायला चिकपेटच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. पुढच्या बाजूला घरमालक, मागे आम्ही, मध्ये फरसबंद अंगण आणि दोन्ही घरांत मिळून एक नळ. मालक मराठीच, पण त्यांची माणसं इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या बोलण्यात मराठी किती आणि कानडी किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. मालक दिवसभर दुकानात असत. घरी असे त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आणि तिचे म्हातारे सासरे, अज्जा.

लग्नाआधी मी पुण्यात ट्रेसरचं काम शिकले होते. इंजिनियर लोक पेन्सिलीने नकाशे काढतात, ते पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घ्यायचे. मला ते काम मनापासून आवडायचं. तिथे एकदा रेघ ओढली की ओढली, कुणी येऊन त्यावर आपलं मत देत नाही. लेक सात-आठ महिन्यांची असताना के. आर. पुरमच्या बाजूच्या एका कारखान्यात ट्रेसरच्या जागा निघाल्या. मी अर्ज केला, परीक्षा दिली आणि निवड झाली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. न झाल्यास जागा दुसरीला जाणार, हे त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं. मला दिवसभर घराबाहेर राहायचं होतं, आणि माझी लेक माझ्या दुधाखेरीज काही म्हणजे काही तोंडात घेत नव्हती.

तिला सांभाळायला सासूबाई पुण्याहून आल्या. नोकरीला त्यांचा विरोध होता असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची अट सरळ होती. आल्या दिवशीच त्या म्हणाल्या, "मी बघेन हिच्याकडे. पण आधी ती खायला लागू दे. उपाशी पोर माझ्या मांडीवर टाकून तू बस पकडायला जाणार असशील, तर ते मला नाही जमायचं." यात काही चूक काढायला जागाच नव्हती, म्हणून मला जास्त राग आला.

तसे प्रयत्न आम्ही आधीपासून करत होतो. उष्टावणाला माझा भाऊ रजा काढून आला होता. त्याने सोन्याच्या अंगठीने खीर हिच्या ओठांना लावली. हिने ती जिभेवर घेतली, जरा विचार केला आणि सगळी मामाच्या नव्या कोटावर परत केली. त्यानंतर भाताची पेज झाली, मुगाचं कढण झालं, रव्याची खीर झाली. कुसकरलेलं केळं तर तिने माझ्या डोळ्यांवर थुंकलं. माझ्या आईने पुण्याहून नाचणीचं सत्त्व पाठवलं. इथे नाचणीला रागी म्हणतात आणि तिची पोतीच्या पोती बाजारात उभी असतात, त्या मुलखात ही पोस्टाने आलेली नाचणी बघून अक्काला हसू आवरेना.

सासूबाईंनी आपल्याबरोबर चांदीचं बोंडलं आणलं होतं. लांब चोचीचं ते चिमुकलं भांडं घेऊन त्या पाय पसरून बसत, हिला पायांवर आडवं घेत आणि चोच ओठांच्या कोपऱ्यात धरून पेज थेंब थेंब सोडत. त्यांच्या सगळ्या मुलांनी, यांच्यासकट, असंच खाल्लेलं होतं. माझ्या लेकीने पहिल्या दिवशी ठसका लागून घर डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बोंडलं दिसताच ओठ मिटून घ्यायला सुरुवात केली. पेज गालावरून मानेत आणि मानेतून झबल्यात जायची. सासूबाई हरत नव्हत्या. "अगं माझी बाय ती, अगं माझी राणी ती," असं म्हणत त्या तासन्‌तास बसून राहत. त्यांचे पाय भरून येत. ती झोपली की तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहत.

आमच्या घरची रीत अशी की आधी बाळाला भरवायचं, मग त्याला निजवायचं आणि मगच मोठ्यांची पानं घ्यायची. मूल पानावर आलं की सगळं उष्टं-खरकटं होतं. सासूबाई सोवळ्यात जेवत, त्यामुळे त्यांच्या आसपासही कुणी रांगायची सोय नव्हती. याचा परिणाम असा झाला होता की माझ्या लेकीने माणूस जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. तोंड हे दूध पिण्याखेरीज आणखी कशाच्या उपयोगी पडतं, हे तिला कळावं तरी कुठून? पण ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

अंगणाच्या पलीकडे अक्काचंही तेच चाललेलं होतं. अज्जांचे दात पडले होते आणि त्याच सुमाराला त्यांची बायको गेली होती. तेव्हापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. पडवीत भिंतीला टेकून बसायचे, पुढ्यात ताट आलं की ते हाताने थोडं लांब सरकवायचे आणि अंगणाकडे बघत राहायचे.

"मामंजी, स्वल्प खावा की."

"नको ग."

"दोनच घास. सारू गरम हाय."

"उद्या बघू."

दुपारच्या वेळी दोन्ही घरांतून अशा विनवण्या एकदमच सुरू असत. नळावर गाठ पडली की अक्का आणि मी एकमेकींना विचारायचो, "खाल्लं का?" आणि दोघी मान हलवून आपापली भांडी भरून घ्यायचो. मला अक्काचा फार आधार वाटायचा. तिने मला एकदाही उपाय सुचवला नाही. बाकी सगळं बंगळूर मला उपाय सुचवत होतं.

एका दुपारी सासूबाई पूजेला बसल्या होत्या आणि मी नळावर झबली पिळत होते. लेक अंगणात रांगत होती. माझी पाठ वळलेली पाहून ती अक्काच्या पडवीपर्यंत गेली, बुटकी पायरी चढली आणि मी वळून पाहते तो अज्जांच्या ताटासमोर बैठक मारून बसलेली. ताटात रागीचा मुद्दा होता. हा पिठाचा मऊ, गरम गोळा इकडे न चावता सारात बुडवून गिळतात, म्हणून अक्का तो अज्जांसाठी मुद्दाम करायची. माझ्या लेकीने ताटाकडे पाहिलं, मग अज्जांकडे पाहिलं. तिची नजर अशी रोखलेली होती की अज्जांना अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी बोटभर मुद्दा तोडला, सारात बुडवला आणि तोंडात टाकला. त्यांचे ओठ हलले तसे हिचेही ओठ हलायला लागले. मग हिने आपली अख्खी मूठ सारात घातली आणि ती मूठ तोंडात कोंबली.

सारात चिंच होती, मिरी होती आणि भरपूर लसूण होता. हिने डोळे गच्च मिटले, सगळं अंग शहारलं. आता ही किंचाळणार म्हणून मी धावले. तेवढ्यात हिने डोळे उघडले आणि मूठ पुन्हा ताटात घातली. अज्जा मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

अक्काने मला पायरीपाशीच धरलं. "गप्प ऱ्हा ग. जाऊ नको तिकडं."

"अगं, घशात अडकेल तिच्या."

"काय होत न्हाई पापूला. मामंजींकडं बघ तू." बाळाला तिकडे पापू म्हणतात.

अज्जा जेवत होते. एक कण हिच्यापुढे ठेवायचा, एक घास स्वतः घ्यायचा. ही तो कण स्वतःच्या बोटांनी उचलायची, निम्मा सांडायची, उरलेला खायची. खांबाच्या आडून आम्ही दोघी बघत होतो आणि अक्काने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. माझी लेक जेवत होती. तिला गोड मिळमिळीत नको होतं आणि दुसऱ्या कुणी भरवलेलं तर मुळीच नको होतं. मला हसू येत होतं आणि रडूही.

सासूबाईंना कळायला फार वेळ लागला नाही. त्यांनी हिला उचलून मुका घेतला आणि विचारलं, "हिच्या तोंडाला लसणाचा वास कसा येतोय?"

मी जे घडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मालकांच्या घरी रविवारी मटण शिजायचं. सासूबाई अक्काशी चांगलं बोलत, पण तिच्या घरचं पाणीही पीत नसत. त्यांच्या समजुतीप्रमाणे हे दोन्हीकडून वाईट होतं, अन्न त्या घरचं आणि तेही उष्टं. त्यांनी हिला आंघोळ घातली आणि अंगणाकडच्या दाराची कडी लावून घेतली.

मी फार वेळ गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "आई, तुमच्या सोवळ्याने तिचं पोट नाही भरलं. तिथे ती जेवली."

"मी तिला उपाशी ठेवली असं म्हणतेस?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. पण ते पाणी बघून मला कळलं की या बाईचा जीव माझ्याइतकाच तुटतोय. संध्याकाळी हे घरी आल्यावर दोघींनी आपापली बाजू मांडली. यांनी दोघींचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाले. यांचं सगळ्यावरच बघू असायचं.

त्यानंतर काही दिवस, पाणी भरण्यापुरतं सोडलं तर, अंगणाकडचं दार बंद राहिलं. लेक त्या दारापाशी रांगत जायची, त्यावर थापा मारायची आणि तिथेच बसून रडायची. पेजेला, कढणाला, खिरीला पुन्हा तोंड मिटलेलं. पहिली तारीख जवळ येत होती. कारखान्यात नेसायची म्हणून मी एक साडी खळ घालून ठेवली होती, ती मी ट्रंकेत टाकली. यांना सांगून टाकलं की मी जात नाही. माझी चिडचिड इतकी वाढली होती की नळाच्या पाण्यावरही मी खेकसत होते.

मग एका सकाळी अंगणाकडच्या दारावर टकटक झाली. सासूबाईंनी उघडलं तर अक्का उभी. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आर्जव होतं.

"अम्मा, पापूला स्वल्प वेळ सोडा की आमच्याकडं. खायाला देत न्हाई मी तिला, नुसती समोर बसू दे. मामंजींनी परत ताट सारायला सुरू केलंय."

"म्हणजे? जेवत नाहीत ते?"

"पापू आली तर जेवतो म्हणतात. काल सगळा दिवस नुसतं पाणी."

सासूबाई दाराची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. या बाईने जन्मभर माणसांना जेवू घातलं होतं. दारावरचा भिकारीसुद्धा त्यांनी कधी रिकाम्या हाताने पाठवला नाही. आपण लावलेल्या कडीमुळे पलीकडे एक म्हातारा माणूस उपाशी बसलाय, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "थांब जरा." आणि आत गेल्या.

त्यांनी शेगडी पेटवली. भात चांगला गिरगट्टा शिजवला. चिंचेचं सार केलं, त्याला जिरं-मिरीची फोडणी दिली, लसूण मात्र नाही. दुपारी भांड्यांवर झाकणं ठेवून ती माझ्या हातात दिली, लेकीला स्वतः कडेवर घेतलं आणि अंगण ओलांडायला निघाल्या. मी नुसती बघत राहिले, तसं मला म्हणाल्या, "शिजवलंय मी. उष्ट्याचं म्हणशील तर एवढ्याशा पोराला कसला आलाय उष्ट्याचा दोष? आणि अज्जांनी माझ्या हातचं खाल्लं तर कुणाचं काय बिघडतं?"

या म्हणण्यात किती भोकं होती हे त्यांनाही ठाऊक असणार. मी भांडी सावरत त्यांच्या मागे निघाले.

भात-सार अज्जांच्या ताटात वाढलं. लेकीने बसल्या बसल्या दोन्ही हात घातले. अज्जांनी एक घास घेतला, जरा वेळ तोंडात घोळवला आणि अक्काकडे वळून विचारलं, "लसूण न्हाई?"

अक्काने जीभ चावली. दाराशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नाही घातलेला."

"बरं हाय," अज्जा म्हणाले आणि दुसरा घास घेतला. भात कमी पडला. सासूबाईंनी मला आणखी आणायला पिटाळलं, तोही संपला. आमच्या पानांना त्या दिवशी सकाळच्या पोळ्याच राहिल्या, पण सासूबाई गुणगुणत भांडी विसळत होत्या.

मग तो रोजचाच नेम झाला. सासूबाई सकाळी नळावर अक्काला विचारायच्या, "आज काय खावंसं वाटतंय त्यांना?" कधी दहीभात, कधी वरण, कधी पालकाचं पातळ. अक्का तिच्याकडचा मुद्दा आणून ताटात ठेवायची आणि सासूबाई त्या वेळी दुसरीकडे बघायच्या. एकदा सारात मला लसणाची ठेचलेली पाकळी दिसली. लेकीच्या बरगड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. अज्जांच्या गालांवरही थोडा भर आला. महिना संपत आला तेव्हा सासूबाईंनीच माझी साडी ट्रंकेतून काढली आणि झटकून दांडीवर टाकली.

पहिल्या तारखेला सकाळी मी लेकीला दूध पाजलं आणि कारखान्याची बस धरली. नव्या टेबलावर नवं कापड ताणून बसले तेव्हा आनंद झाला, नाही असं नाही. पण लेकीची दुपारची दुधाची वेळ झाली आणि घड्याळाकडे न बघता ती माझ्या अंगाला कळली. छाती दगडासारखी झाली, ब्लाउज भिजायला लागला. मी पदर लपेटून घेतला आणि रेघा ओढत राहिले. शेजारच्या बायका डबे घेऊन उठल्या. मी डबाच आणला नव्हता. गेला महिनाभर आमच्या घरात जेवणाचा एकच विषय होता आणि मलाही जेवायला लागेल, हे माझ्यासकट कुणालाच सुचलं नव्हतं. मी भूक नाही म्हणून बसून राहिले. ती काय करत असेल, रडत असेल का, दार वाजवत असेल का, याखेरीज डोक्यात काही नव्हतं.

संध्याकाळी बसमधून उतरले ती जवळजवळ पळतच गल्लीत शिरले. लेक अक्काच्या पडवीत रिकामं ताट आपटत बसली होती.

"खाल्लं का?"

"दोघांनीबी," अक्का म्हणाली. "दोन येळेला."

"रडली?"

"एकदाबी न्हाई."

मी तिला उचलून आत नेलं आणि पदराखाली घेतलं. तिने जरासं चोखलं, मग सोडून दिलं. माझ्याकडे बघून हसली, मांडीवरून खाली घसरली आणि दाराकडे रांगत गेली. तिचं पोट भरलेलं होतं. याचसाठी मी जिवाचं रान केलं होतं, आणि आता ते झालं तर मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. आठ महिने जिचा जीव माझ्यावाचून चालत नव्हता, तिचा दिवस माझ्यावाचून मजेत गेला होता. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकलं आणि बादलीतलं पाणी तांब्याने ओतत रडले.

बाहेर आले तर सासूबाईंनी माझं पान वाढलं होतं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"दुपारी काय खाल्लंस?"

"भूक नव्हती."

"सकाळपासून काही नाही?"

मी पान हाताने थोडं लांब सरकवलं. त्या सोवळ्यात होत्या. बसमधून आलेल्या, कपडे न बदललेल्या सुनेशी त्या एरवी हातभर लांबून बोलल्या असत्या. त्या माझ्या शेजारी बसल्या, माझ्याच पानातला भात त्यांनी वरण घालून मऊ कालवला आणि घास माझ्या तोंडापुढे धरला. मी मान फिरवली.

"नको आई. खरंच नको."

"नको कसं? उद्या परत जायचंय ना कामावर?" त्या म्हणाल्या. "मग खा."

त्यांनी हात मागे घेतला नाही. त्या भरवत गेल्या आणि मी रडत रडत सगळं खाल्लं.